रेफर रजिस्टर ते कॅथ लॅब: आमच्या जिल्हा रुग्णालयातली तीन वर्षं

गेल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या तीन डॉक्टरांचे फोन आले. प्रश्न एकच, कॅथ लॅबचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे बघून ते उघडायच्या खोलीचा. "मॅडम, आमच्याकडे कॅथ लॅब होणार म्हणतात, मला नोडल अधिकारी केलंय. सुरुवात कुठून करू?" तिघांशीही तास-तासभर बोलले. फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहिल्याचं आठवायचं. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतेय.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात फिजिशियन आहे. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. इथे ज्या अडचणी सांगणार आहे त्या कुणा एका कार्यालयाच्या नाहीत, आणि त्यांतल्या काही माझ्याच चुकांमुळे आल्या.

मे २०२२. रात्री पावणेबाराला अपघात विभागातून फोन आला. एक्केचाळीस वर्षांचा शेतकरी. संध्याकाळपासून छातीत कळ, डावा हात भरून आलेला, शर्ट पिळून काढावा इतका घाम. घरच्यांनी आधी सोडा पाजला होता, मग गावातच ॲसिडिटीचं इंजेक्शन झालं होतं, त्यानंतर जीप करून त्याला आमच्याकडे आणलं. ईसीजीची पट्टी बघितली, हृदयाच्या पुढच्या भागाचा मोठा अटॅक. तेव्हा आमच्याकडे स्ट्रेप्टोकायनेज हे रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध होतं. ते चालू असताना रक्तदाब घसरू शकतो, आणि याचा आधीच कमी होता. तरी हळूहळू दिलं. दीड तासाने पुन्हा ईसीजी काढला, फरक नाही. म्हणजे औषधाने गुठळी विरघळली नव्हती, आता अँजिओप्लास्टीच हवी होती, म्हणजे बंद रक्तवाहिनी आतून बलूनने उघडणं. आमच्याकडून अँजिओप्लास्टी म्हणजे सोलापूर नाहीतर संभाजीनगर. दोन्हीकडे तीन-साडेतीन तास. १०८ची व्हेंटिलेटरवाली गाडी दुसऱ्या तालुक्यात गेलेली, ती यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात त्याचा भाऊ जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, किती लागतील तेवढं सांगा, सकाळी आडत्याकडून उचल घेऊन येतो." मी म्हटलं पैसे नको, महात्मा फुले योजनेत होईल, रेशनकार्ड घे. रेशनकार्ड गावात होतं.

गाडी गेली. सिस्टरांनी रेफर रजिस्टरमध्ये नोंद केली: नाव, वय, वेळ, कुठे पाठवलं, आणि कारणाच्या रकान्यात नेहमीचं 'पुढील उपचारासाठी'. चार दिवसांनी तेच पान समोर आलं तेव्हा लक्षात आलं, या रजिस्टरमध्ये 'पुढे काय झालं' असा रकानाच नाही. नोंदीतला नंबर लावला. भावाने उचलला. "टोलनाक्याच्या अलीकडंच गेला मॅडम," एवढंच म्हणाला.

जूनभर मी रोज ओपीडी संपली की ते रजिस्टर घेऊन बसायचे. मागच्या सहा महिन्यांतले छातीचे रुग्ण शोधायचे आणि फोन करायचे. बरेच नंबर बंद होते. जे लागले त्यांतले काही बरे होऊन शेतात कामाला लागले होते, काही गेले होते, काहींनी अर्ध्या वाटेतून गाडी परत फिरवली होती, कारण हातात पैसे नव्हते. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कशापायी फोन केला?" मला उत्तर सुचलं नाही. ज्या कुटुंबांशी बोलणं झालं, त्यांच्यातला एकही रुग्ण दोन तासांत कॅथ लॅबच्या टेबलावर पोहोचलेला नव्हता. हे दोन तास महत्त्वाचे आहेत. पहिल्या ईसीजीपासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर थेट तीच करावी. होणार नसेल तर ३० मिनिटांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं, आणि मग ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य सोडून रक्तवाहिन्यांची तपासणी, व्हावी. पुस्तकात हे आम्ही सगळेच शिकलो होतो. आमच्या जिल्ह्यात या तिन्हींपैकी काहीच वेळेत होत नव्हतं.

सीएस सरांकडे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, या फोनच्या नोंदींची वही घेऊन गेले. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "प्रस्ताव करा."

माझा पहिला प्रस्ताव दोन पानांचा होता. त्यात त्या शेतकऱ्याची हकीकत होती, हृदयरोग किती वाढलाय ते होतं. ऑगस्टमध्ये तो ११ त्रुटी काढून परत आला. जागेचा नकाशा, विद्युत भार, लेखाशीर्ष, आवर्ती खर्च, मनुष्यबळ, रुग्णसंख्येचा आधार, यातलं काहीच मी जोडलं नव्हतं. आमच्या आस्थापना शाखेत एक वरिष्ठ लिपिक आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी प्रस्ताव शांतपणे वाचला. "मॅडम, वाचून वाईट वाटलं. पण हे वाचून कुणाला पैसे कुठून द्यायचे ते कळणार नाही," असं म्हणून त्यांनी मला टिपणी कशी लिहायची ते शिकवलं. आधी मागणी एका ओळीत, मग अशाच कामाला पूर्वी मान्यता मिळालेल्या शासन निर्णयाचा संदर्भ, मग खर्चाची विभागणी: एकदाचा किती, दरवर्षीचा किती. हकीकत परिशिष्टात. त्यांनी आणखी एक सवय लावली ती आजही आहे. साधी दोनशे पानी वही. प्रत्येक पत्राची तारीख, आवक क्रमांक, कोणत्या टेबलावर आहे, कुणाशी बोलणं झालं. फाईल सापडत नाही असं कुणी म्हणालं की मी आवक क्रमांक सांगायचे, आणि ती त्याच दिवशी सापडायची.

आता माझी मोठी चूक. मनुष्यबळाच्या त्रुटीला उत्तर द्यायला वेळ लागणार होता. नवीन पदं मागायची तर वेगळा प्रस्ताव, तो वित्त विभागाकडे, पुढे उच्चस्तरीय सचिव समितीसमोर. मला भीती वाटली की यात यंत्राची फाईल अडकेल. म्हणून मी लिहिलं, 'सदर विभाग उपलब्ध मनुष्यबळातून चालविण्यात येईल.' त्रुटी मिटली, फाईल पुढे सरकली, मला हायसं वाटलं. ही ओळ दीड वर्षाने माझ्यासमोर परत येणार होती.

पैशाची गोष्ट त्या मानाने लवकर झाली. खोली, वीज आणि वातानुकूलनाचा खर्च जिल्हा वार्षिक योजनेतून, यंत्र राज्यस्तरावरून, असं ठरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कामाला प्रशासकीय मान्यता मिळाली. बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी आला तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि ३१ मार्चच्या आत तो हलला नाही तर परत जाणार होता. त्या आठवड्यात मी, लेखा शाखा आणि बांधकाम विभागाचे उपअभियंता रात्री नऊ-नऊपर्यंत बसलो. तांत्रिक मान्यता आधीच घेऊन ठेवली होती म्हणून निभावलं. ज्यांना हे करायचंय त्यांनी निधी यायची वाट बघू नये. अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता डिसेंबरपर्यंत तयार ठेवावी.

यंत्राची निविदा मात्र लांबली. पहिल्या वेळी एकच बोली आली म्हणून फेरनिविदा झाली. मधल्या काळात राज्याची औषध आणि उपकरण खरेदीची व्यवस्थाच बदलली, नवं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं, कागद नव्याने द्यावे लागले. पुरवठा आदेश निघाला डिसेंबर २०२३ मध्ये.

या वाट बघण्यात जे केलं त्याचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे. कॅथ लॅब येईल तेव्हा येईल, पण ग्रामीण रुग्णालयात आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला कुणाची मान्यता लागत होती? गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय केंद्र धरून लहान दवाखान्यांपर्यंत असं जाळं विणलंय हे माहीत होतं. आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं. एप्रिल २०२३ पासून दर शनिवारी एका ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचं. सोबत सिस्टर आणि ईसीजी तंत्रज्ञ. कुठे यंत्र होतं पण छातीला चिकटणारे कप फाटलेले, कुठे कागदाचा रोल संपून तीन महिने झालेले. रोल कितीचा असतो? शंभर-दोनशे रुपयांचा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून ते सगळीकडे घेतले. छातीवरच्या सहा लीड कुठे लावायच्या ते आम्ही तिथल्याच एखाद्या परिचर मामांच्या छातीवर पेनाने खुणा करून दाखवायचो. बायकांचा ईसीजी काढायचा संकोच हा फार मोठा अडथळा निघाला. साडी, ब्लाऊज, आडोसा नाही, पुरुष तंत्रज्ञ. त्यामुळे बायकांची छातीची तक्रार 'गॅसेस' म्हणून घरी जायची. प्रत्येक ठिकाणी एक पडदा आणि एका सिस्टरला प्रशिक्षण, एवढं झालं तरी चित्र बदललं. आणि एक छोटी सूचना: ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो, काही महिन्यांत पुसट होतो. निघाल्याबरोबर मोबाईलवर फोटो घ्यावा आणि झेरॉक्स केसपेपरला जोडावी. योजनेच्या कागदपत्रांत पुढे तीच लागते.

टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं दुसरं इंजेक्शन उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचवायला ऑगस्ट उजाडला. स्ट्रेप्टोकायनेज ठिबकण्यातून तासभर द्यावं लागतं, हे एकाच वेळी शिरेतून देता येतं, वजनानुसार मात्रा. तिथले तरुण वैद्यकीय अधिकारी घाबरायचे. मेंदूत रक्तस्राव झाला तर? भीती खोटी नव्हती. म्हणून नियम केला: ईसीजी ग्रुपवर टाकायचा, मी किंवा माझा सहकारी फोनवर राहणार, कुणाला देऊ नये त्याची यादी मोठ्याने वाचायची, प्रत्येकाला 'नाही' असं उत्तर आलं की मग औषध भरायचं. २६ ऑगस्टच्या पहाटे पावणेचारला पहिला फोन आला. एसटीचे कंडक्टर, वय ५२. दारात आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंत २२ मिनिटं लागली. पाऊण तासाने दुसरा ईसीजी आला, त्यात अटॅकमुळे वर चढलेली रेषा खाली आलेली, म्हणजे औषध लागू पडलं होतं. मी अंथरुणात बसून तो फोटो मोठा करकरून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते सोलापूरला गेले, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला, पंधरा दिवसांनी पेढे घेऊन त्या उपजिल्हा रुग्णालयात आले. त्या तरुण डॉक्टरने मला पेढ्याचा फोटो पाठवला.

कॅथ लॅब मागणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते. पहिली दोन वर्षं आमच्या जिल्ह्यात जे जीव वाचले ते या इंजेक्शनाने आणि वेळेत निघालेल्या ईसीजीने वाचले.

आता खोली. जागा मिळाली ती तळमजल्यावरचं जुनं भांडार. आत मोडक्या लोखंडी खाटा, गंजलेली सलाईन स्टँड, बंद पडलेला एक्स-रे. हे फेकून देता येत नाही. प्रत्येक वस्तू जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत असते, ती रद्दबातल करायला निर्लेखन करावं लागतं. निर्लेखन समिती, तिचा अहवाल, मग लिलाव. खाटा हलायला चार महिने गेले. जागा ठरली की त्याच दिवशी निर्लेखनाचं पत्र द्या, बाकी सगळं नंतर.

काम जुलै २०२३ ला सुरू झालं आणि पहिल्याच पावसात छत गळलं. वर पहिल्या मजल्यावर वॉर्डाचं स्वच्छतागृह होतं. नकाशावर ते मी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नव्हता. कोट्यवधींचं यंत्र ज्या जागी येणार त्या जागेवर थेंब पडत होते. स्वच्छतागृह हलवण्याचं वेगळं अंदाजपत्रक, दोन महिने. मग विजेचं. कॅथ लॅबला लागणारा भार आमच्या जुन्या रोहित्रावर बसत नव्हता. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज, अनामत, नवं रोहित्र, शिवाय जनित्र आणि यूपीएस. यंत्र पाच कोटींच्या आतबाहेर होतं. खोली, वीज, वातानुकूलन, शिशाचे दरवाजे हे सगळं मिळून आणखी सव्वा कोटी गेले. प्रस्तावात मी यासाठी साठ लाख धरले होते.

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात कंटेनर आला. आख्खं रुग्णालय बघायला जमलं. सगळ्यात मोठी पेटी दरवाजातून आत जाईना. दरवाजा नकाशाप्रमाणेच होता, पण नकाशा करताना पेटीचं माप कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी खिडकीखालची भिंत फोडली, पेटी आत घेतली आणि भिंत परत बांधली. नऊ इंची विटांची भिंत, कारण किरणांपासून संरक्षणासाठी ती तशीच लागते. कंपनीकडून पुरवठ्याआधी सगळ्यात मोठ्या पेटीची लांबी-रुंदी-उंची लेखी मागून घ्या आणि फाटकापासून खोलीपर्यंत टेप लावून चाला.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. वातानुकूलन यंत्रणेचा कार्यारंभ आदेश निघायचा राहिला होता, तो राहिलाच. एप्रिल, मे. बाहेर ४२-४३ अंश. कंपनीचे अभियंता म्हणाले, खोलीचं तापमान आणि आर्द्रता स्थिर झाल्याशिवाय पेट्या उघडणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. ते तीन महिने मी रोज सकाळी राउंडला जाताना त्या खोलीचं कुलूप बघायचे. छातीचे रुग्ण येत होते, दहा पावलांवर यंत्र होतं, आणि मी रेफरची चिठ्ठी लिहीत होते. त्या दिवसांत एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, आलंय ना मशीन? पेपरात फोटो आला होता." यापेक्षा अवघड प्रश्न मला कुणी विचारला नाही.

याच काळात वॉरंटीचा मुद्दा निघाला. वॉरंटी यंत्र पोहोचल्यापासून धरायची की चालू करून ताब्यात दिल्यापासून? आमच्या करारात सुदैवाने 'कार्यान्वित केल्याच्या दिनांकापासून' होतं. तसं नसतं तर पेटीत पडून वॉरंटीचे महिने संपले असते. करारातली ही ओळ स्वतः वाचा. वॉरंटीनंतरच्या देखभाल कराराचा दरही त्याच निविदेत ठरवून घ्या.

जूनमध्ये निकाल लागला, आचारसंहिता उठली, काम सुरू झालं. जुलै ते सप्टेंबर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या परवान्यात गेले. सगळं इ-लोरा या पोर्टलवर होतं. संस्थेची नोंदणी, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची मान्यता, खोलीचा आराखडा, जोडणीनंतरचा गुणवत्ता तपासणी अहवाल, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाचा टीएलडी बिल्ला. हा बिल्ला छातीवर लावायचा, अंगावर किती किरण पडले ते तो मोजतो, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. आमची संस्था पोर्टलवर जुन्या एक्स-रेसाठी आधीच नोंदलेली होती, पण मोबाईल नंबर आणि ईमेल पूर्वीच्या, बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांचा. पासवर्डसाठी ओटीपी त्यांच्याकडे जायचा. ते दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले. हे काम आज, यंत्राचा विचारही नसेल तरी, करून ठेवावं. परवान्याचं काम मात्र मंडळाकडून नीट आणि ठरल्या वेळेत झालं. कागद पूर्ण असले की तिथे काही अडत नाही.

माणसांचं काय? आमच्या चार सिस्टर मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेल्या. त्यांतल्या एकीचा मुलगा दोन वर्षांचा होता, तो आजीकडे राहिला. प्रवासभत्त्याची बिलं त्यांना सात महिन्यांनी मिळाली, तोवर खोलीचं भाडं पदरचं. परत आल्या तेव्हा शीथ, गाइड वायर, बलून, कॅथेटर या शेकडो वस्तू त्या नुसत्या पाकिटाच्या रंगावरून ओळखत होत्या. या चौघींशिवाय काही झालं नसतं, आणि उद्घाटनाच्या पत्रिकेत त्यांची नावं नव्हती, म्हणून इथे त्यांचा उल्लेख मुद्दाम करते.

पण हृदयरोगतज्ज्ञ, कॅथ लॅब तंत्रज्ञ, रात्रपाळीचे डॉक्टर? फेब्रुवारी २०२४ मध्ये मी पदनिर्मितीचा प्रस्ताव पाठवला होता. मे महिन्यात तो परत आला. शेऱ्यात माझंच वाक्य होतं: 'मूळ प्रस्तावात सदर विभाग उपलब्ध मनुष्यबळातून चालविण्यात येईल असे नमूद आहे. सबब अतिरिक्त पदांची आवश्यकता स्पष्ट करावी.' मी ते पान हातात धरून बराच वेळ बसून राहिले. कुणाला दोष देणार? पुढचे सगळे महिने त्या ओळीचं स्पष्टीकरण देण्यात गेले, अजूनही जातायत. यंत्राचा प्रस्ताव ज्या दिवशी पाठवाल त्याच दिवशी पदांचा पाठवा, दोन्हींत एकमेकांचा संदर्भ द्या, आणि मनुष्यबळाबद्दल खरं तेच लिहा, भले फाईल सहा महिने थांबू दे. यंत्रासाठी सगळे धावून येतात. माणसं मागताना तुम्ही एकटे असता.

तात्पुरता मार्ग म्हणून ऑन कॉल तत्त्वावर, प्रति प्रक्रिया मानधनावर, सोलापूरचे एक हृदयरोगतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस यायला तयार झाले. तंत्रज्ञ कंत्राटी, एकच मिळाला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आमचं रुग्णालय आधीपासून होतं, पण हृदयरोग ही विशेषता नव्याने जोडावी लागली. पाहणी, फोटो, तज्ज्ञांच्या नोंदणीची प्रत, अतिदक्षता खाटांचा तपशील. १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्या कुटुंबांना आणि पाच लाखांपर्यंत लागू झाल्यामुळे पिवळं-केशरी कार्ड आहे का हा प्रश्न उरला नव्हता, ही मोठी सोय. तरी रात्री येणाऱ्याकडे कागद नसतातच. तातडीच्या रुग्णाची फोनवरून सूचना देऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर. हे आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसांना, माहीत असतं. अपघात विभागातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. आम्ही ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं.

स्टेंटच्या किमतीबद्दल लोक अजून घाबरतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधाचा थर असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, त्याआधी लाखाच्या पुढची बिलं सर्रास व्हायची. स्टेंट, बलून वगैरे आम्ही 'वापरला तेवढ्याचं बिल' या पद्धतीने ठेवतो. सगळ्या मापांचा साठा विकत घेऊन कपाटात मुदत संपू देणं परवडणारं नाही.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली. या वेळी नवीन आदेश काढायचं काही शिल्लक नव्हतं. २८ नोव्हेंबरला पहिली अँजिओग्राफी झाली आणि ९ जानेवारी २०२५ ला पहिली अँजिओप्लास्टी.

आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी, वय ५९. उजवी रक्तवाहिनी जवळजवळ बंद. डॉक्टरांनी मनगटातून सुई घातली. मी शिशाचा ॲप्रन घालून बाजूला उभी होते, तो पाच-सहा किलोंचा असतो आणि तासाभराने खांद्यात रुततो. मावशी जाग्याच होत्या. "हात हलवू का?" असं दर पाच मिनिटांनी विचारायच्या, आणि मुंबईला जाऊन आलेल्या सिस्टर दर वेळी तितक्याच शांतपणे "नाही मावशी, झालंच" म्हणायच्या. वायर अडथळ्यापाशी दोनदा अडली, तिसऱ्यांदा सरकली. बलून फुगवला, मग स्टेंट. डॉक्टरांनी रंगद्रव्य सोडलं आणि पडद्यावर, जिथे वाहिनी मघाशी मध्येच तुटल्यासारखी दिसत होती, तिथून पुढच्या सगळ्या फांद्या एकदम काळ्या भरून आल्या. काचेपलीकडे आमचे वॉर्डातले मामा उभे होते. ते म्हणाले, "पाणी सुटलं की हो मॅडम." कालव्याला आवर्तन सुटतं ते बघत वाढलेला माणूस तो, त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मावशी तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. कुटुंबाचा खर्च विचारला, तर जीपचे आठशे आणि मुलाचा तीन दिवसांचा रोज बुडाला तो. औषधं किमान वर्षभर बंद करायची नाहीत हे मी त्यांना, मुलाला आणि सुनेला वेगवेगळं सांगितलं. स्टेंट टाकल्यावर बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं हे फार धोक्याचं, आणि खेड्यात फार होतं. आता सुट्टी देताना आम्ही पुढच्या तपासणीची तारीख आशाताईंनाही कळवतो.

आज परिस्थिती अशी आहे. आठवड्यात दोन दिवस ठरलेल्या अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होतात, आणि डॉक्टर मुक्कामी असतील तर तातडीच्याही. बाकी दिवशी इंजेक्शन देऊन, २४ तासांच्या आत टेबलावर येईल अशी तारीख जुळवतो. जुळली नाही तर पाठवतो. हृदयरोग अतिदक्षतेच्या खाटा ६ वरून १२ झाल्या आहेत, पण सिस्टर सहा खाटांच्याच आहेत. चोवीस तास सेवा अजून नाही. पदांच्या फाईलला मागच्या आठवड्यात आणखी एक त्रुटी आली, तिचं उत्तर सोमवारी जाईल. आमचे वरिष्ठ लिपिक आता निवृत्त झालेत, तरी मसुदा त्यांना दाखवूनच पाठवणार आहे.

परवा रात्री दोनला एक रिक्षाचालक आले, वय ४७. डॉक्टर नव्हते, तंत्रज्ञ सुट्टीवर. इंजेक्शन दिलं, पण ईसीजीतली रेषा खाली आली नाही. तीन वर्षांपूर्वीसारखंच. फरक एवढाच की, १०८ची गाडी आधीच बोलावून दारात उभी होती, पलीकडच्या रुग्णालयाला ईसीजी पोहोचला होता आणि योजनेची सूचना गाडी निघण्याआधी गेली होती. सिस्टरांनी रजिस्टर उघडलं. २०२२ मध्ये मी पट्टीने रेघ मारून शेवटी एक रकाना वाढवला होता, आता तो छापूनच येतो. सकाळी अकराला मी त्यांच्या बायकोला फोन केला. त्या म्हणाल्या, "झालं मॅडम, एक बसवला, आता चहा मागतोय." मी त्या रकान्यात तेवढंच लिहिलं आणि वेळ घातली.